हिराकसातले एकटे इलेक्ट्रॉन

आमच्या गल्लीत परीक्षा दिसण्याआधी ऐकू येते. फेब्रुवारी सरत आला की कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून पाठांतराचा सूर सुरू होतो. यंदा तो शेजारून येतो आहे. मुलगी बारावीला आहे. उन्हं अंगावर यायच्या आत ती गच्चीवर फेऱ्या मारत म्हणत असते, "मुख्य क्वांटम नंबर, दुय्यम क्वांटम नंबर, चुंबकीय क्वांटम नंबर, स्पिन क्वांटम नंबर." चौथ्याशी आली की कठडा येतो, मग ती वळते आणि परत पहिल्यापासून. मी खाली अंगणात चहा घेत बसलेला असतो. माझी सगळी नोकरी ही चार नावं शिकवण्यात गेली. पण ती कानावर पडली की मला माझे स्वतःचे वर्ग फारसे आठवत नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं अकोला आठवतं, परीक्षेच्या तोंडावरचे ते दिवस आठवतात, आणि काळमेघ सर.

त्या काळी मार्चमधलं अकोला कापसाचं असे. हंगाम उतरलेला, तरी जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गंज्या उरलेल्या असत आणि दुपारचा गरम वारा त्यातला कापूस गावभर नेई. कडुलिंबाच्या मोहोरात तो अडके, विजेच्या तारांवर लोंबे, कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या जाळ्यांवर साय धरावी तसा बसे. आत पाऊल टाकलं की कापूस, मोहोर सगळं मागे पडून हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास नाकात शिरे. नवख्यांना मळमळायचं. मला तो वास आवडायचा असं म्हणणं जास्त होईल. त्या वासाच्या खोलीत आपली एक जागा आहे, हे आवडायचं.

मी मूळचा दर्यापूरकडचा. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. छप्पन साली घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी अमरावतीला शिकत होतो. सुट्टीत घरी गेलो तर देवांचा कोनाडा रिकामा होता आणि स्वच्छ सारवलेला होता. पुढे नागपूरला एम.एस्सी. झालो आणि अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा व्याख्याता म्हणून लागलो. नेमणूक तात्पुरती होती. ती कायम व्हायला विभागप्रमुखांचा चांगला शेरा लागायचा. विभागप्रमुख म्हणजे काळमेघ सर.

सर निवृत्तीकडे झुकलेले. चांदूर बाजारकडे घरची काळी जमीन, मोठं खटलं. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे कधीच न गेलेले डाग. वर्गात इंग्रजी, वर्गाबाहेर अस्सल वऱ्हाडी. त्यांचं संयुजा शिकवणं सगळ्या जिल्ह्यात नावाजलेलं होतं. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ते पुढे करायचे आणि म्हणायचे, "हा झाला बंध. सोडवा आता." पोरं जोर लावायची. सुटायचा नाही. त्या बोटांवर भरवसा ठेवून कितीतरी पिढ्या पास झाल्या.

त्या वर्षी बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलला आणि हात गेले. बंध म्हणजे आता इलेक्ट्रॉनांची जोडी, आणि जोडी कशी होते हे सांगायला चार क्वांटम नंबर. सरांच्या विद्यार्थिदशेत यातलं काही पुस्तकात नव्हतं. वर्षभर तो भाग मागे मागे ढकलला गेला आणि परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं.

"वानखडे, हा भाग तुम्ही घ्या. सकाळी जादा तास लावा. काळमेघांना ते आता झेपायचं नाही. पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गाचं सगळंच तुमच्याकडे द्यावं म्हणतो."

"सरांना विचारलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. टोपी घातली आणि गेले."

स्टाफरूममध्ये यावर कुणी काही बोललं नाही. न बोलणं ही त्या खोलीची जुनी सवय होती आणि ती मला वाचता येत होती. कालपरवा आलेला, तात्पुरता, त्यात आमच्या समाजातला माणूस विभागप्रमुखांच्या वर्गावर जाणार होता, आणि त्याच्यावर शेरा तेच विभागप्रमुख लिहिणार होते.

पहिल्या जादा तासाला मी फळ्यावर चार नावं लिहून वळलो तर मागच्या दारातून काळमेघ सर आत येत होते. टोपी हातात. वर्ग धडपडत उभा राहिला.

"बसा, बसा," ते म्हणाले. "आज मी नाही शिकवून राहिलो. तिकडं पाहा."

आणि ते शेवटच्या बाकावर बसले. शेजारच्या मुलाने अंग चोरलं.

मी शिकवलं. अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार नंबर. पहिल्यावरून तो केंद्रापासून किती लांबच्या कवचात आहे ते कळतं, दुसऱ्यावरून त्याच्या वावराचा आकार, तिसऱ्यावरून त्या आकाराची दिशा. चौथा फिरकीचा. त्याला दोनच किमती, अधिक अर्धा किंवा उणे अर्धा. एका अणूत कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही नंबर सारखे असू शकत नाहीत. म्हणून एका ऑर्बिटलमध्ये, म्हणजे अशा एका जागेत, फार तर दोन राहतात, आणि त्यांची फिरकी एकमेकांच्या उलट असावी लागते. पुष्पा गावंडे नावाची मुलगी पुढच्या बाकावर असे, वर्गात तीच काय ती प्रश्न विचारायची. तिने विचारलं, "पण ते जोडी का करतात, सर?" मी पुस्तकात होतं ते सांगितलं. फिरणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक लहानसा लोहचुंबक, आणि उलटे लोहचुंबक एकमेकांना ओढतात.

"वानखडे सर, एक इचारू काय?"

आवाज मागून आला. त्यांनी मला 'सर' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. पोरांनीही नसावं, कारण सगळ्या माना वळल्या.

"हे दोघंही ऋण. म्हंजे एकमेकाले ढकलणारे. तुमी म्हणता, लोहचुंबकाची ओढ हाय. असंन. पण ढकलणं जास्त का ओढणं जास्त? कोणी हिशोब केला काय?"

मी केला नव्हता. म्हणालो, "उद्या सांगतो."

"सांगा. घाई नाही."

शेरा लिहायला त्यांना मजकूर मिळाला, असं मला तेव्हा वाटलं. संध्याकाळी मी आकडे मांडून बसलो. लोहचुंबकाची ओढ ढकलण्याच्या मानाने इतकी क्षुल्लक निघाली की मी पुन्हा मांडून पाहिलं. मग पुस्तकं उलथीपालथी केली. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं की कालचं कारण चुकीचं होतं. फिरकी कुणाला ओढत नाही. फिरकी उलट असली तर दोघांना एकाच जागेत राहता येतं, इतकंच. त्या जोडीला धरून ठेवतात ती दोन्ही बाजूंची अणुकेंद्रं, कारण दोन केंद्रांच्या मधल्या जागेतली जोडी दोन्ही केंद्रांना खेचता येते.

"म्हंजे फिरकी ही ओढ नोहे, परवानगी हाय," मागून सर म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. पुढची सगळी वर्षं मी हेच वाक्य प्रमाण मराठीत शिकवत आलो.

ते रोज येत. पोरं हळूहळू त्यांना विसरली. मला विसरता येईना. एकदा तराजूच्या खोलीत दोघंच होतो. ते मऊ कुंचल्याने तराजूचं पारडं झाडत होते. मी धीर करून म्हणालो, "सर, तुम्ही वर्गात बसता, मला अवघड होतं. बोलावलं असतंत तर मी घरी येऊन सगळं सांगितलं असतं."

कुंचला थांबला. "माहीत हाय मले. पयले तेच डोक्यात आलं होतं." "घरी माय हाय माही. नव्वदीले टेकली. तुमी आले की ते तुमच्यासाठी कप येगळा काढीन. मले ते पाहावणार नाही, अन् तिले सांगणं माह्यानं होणार नाही. त्याहून मी तुमच्या वर्गात बसलो तर काय बिघडते?"

त्यांनी पारडं झाडायला पुन्हा सुरुवात केली.

त्यांच्या घरी मी कधीच गेलो नाही. तरुण असताना या उत्तराचा मला राग यायचा. भर वर्गात पोरांसमोर बसायला लागणारं धैर्य ज्याच्याकडे आहे, त्याला आईला एक वाक्य सांगता येऊ नये? नंतर राग गेला. कधी वाटलं, मला कमीपणा येऊ नये म्हणून या माणसाने स्वतःला कमीपणा घेतला. कधी वाटलं, सोपं होतं ते त्याने केलं आणि अवघड होतं ते टाळलं. दोन्ही खरं असेल. मी ते तसंच राहू दिलं आहे. माणसाच्या वागण्याला एकच किंमत काढायची सवय मी वर्गाबाहेर लावून घेतली नाही.

मध्ये एकदा वडील आले होते. दर्यापूरहून सर्व्हिस गाडीने, डोक्याला फडकं गुंडाळून, पिशवीत घरची तुरीची डाळ. मी त्यांना प्रयोगशाळा दाखवली. काचेची भांडी पाहून ते हात मागे बांधून चालत होते.

"काय शिकवून राहिला रे सध्या?"

"इलेक्ट्रॉन, बाबा."

"दिसते काय थे?"

"नाही."

"मंग पोरायले दाखवतो काय तू?"

काळमेघ सर पलीकडे उभे होते. ते मोठ्याने हसले. "बराबर इचारलं बाबांनं," म्हणाले. "मीबी तेच म्हणून राहिलो यायले." मग वडिलांसाठी स्वतः स्टूल ओढून दिलं. वडील लगेच बसले नाहीत. बसायला फार वेळ लावला, मग टेकले.

प्रयोगाचं त्यातूनच निघालं. नागपूरला मी एक पद्धत पाहिली होती. क्षाराची पूड काचेच्या नळीत भरायची, नळी तराजूच्या पारड्याखाली दोऱ्याने टांगायची, तिचं खालचं टोक विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सोडायचं. पुडीत एकटे, जोडी न झालेले इलेक्ट्रॉन असतील तर प्रवाह सुरू करताच चुंबक नळीला खाली ओढतो आणि वजन वाढतं. सगळे जोडीत असतील तर ओढत नाही, उलट केसभर वर ढकलतो. मी हे सांगितलं आणि सरांचे डोळे बदलले. तराजू हा त्यांचा प्रांत होता.

"वजन वाढते? पारड्यात काही न टाकता?"

"हो सर."

"मंग तोलून पाहू. तोलल्याबिगर मी आजवर काही मानलं नाही."

भौतिकशास्त्राच्या लोकांकडून विद्युतचुंबक आणि बॅटऱ्या आल्या. तराजू ठेवायचा त्या टेबलाला भोक पाडावं लागणार होतं. सरांनी सुताराची वाट पाहिली नाही. कोट काढून खुंटीला लावला आणि गिरमिट घेऊन स्वतः भोक पाडलं. सागाचा भुसा त्यांच्या धोतरावर पडत होता. ते टेबल इंग्रजांच्या वेळचं होतं.

दुपारची वेळ. वाऱ्याने तराजू हलतो म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. खोली भट्टीसारखी. आत मी, सर आणि काटा वाचायला पुष्पा, कारण तिची नजर तीक्ष्ण होती. बाकीची पोरं दाराच्या काचेला नाक लावून. चुंबकाची गुंडाळी लगेच तापायची, त्यामुळे प्रवाह सुरू करून झटपट तोलायचं आणि बंद करायचं. सर घाम खांद्याला पुसत होते, हात तराजूच्या चौकटीत असल्याने.

आधी झिंक सल्फेट. मी कळ दाबली. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल.

मग हिराकस. हिरवा, ओलसर, कुटून बारीक केलेला. लोखंडाचा सगळ्यात साधा क्षार, शाई करायला लोक बाजारातून आणत तो. मी कळ दाबली आणि नळीचं पारडं खाली गेलं. कुणी हात लावला नव्हता. कळ सोडली, वर आलं. दाबली, खाली.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा खाली.

"आता पिवळं भरा."

पिवळं म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. सरांनी हयातभर ते वापरलं होतं. लोखंड ओळखायला ते टाकायचं, गडद निळा रंग आला की लोखंड आहे. त्यातही लोखंड आहेच, हिराकसात असतं त्याच अवस्थेतलं, तितक्याच इलेक्ट्रॉनांचं. नळी भरली, टांगली, मी कळ दाबली. पुष्पा काट्याला डोळा लावून होती.

"नाही, सर. खाली नाही. वर गेला, अगदी थोडा."

सरांनी स्वतः वाकून पाहिलं. मग सरळ झाले. "लोखंड तेच?"

"तेच."

"अन् ओढ नाही."

"हिराकसात त्याच्या बाहेरच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी चार एकटे असतात, सर. इथे सहा सायनाइड आपापल्या जोड्या घेऊन येतात, त्यांना बंधासाठी रिकामी जागा लागते. म्हणून लोखंडाचे एकटे इलेक्ट्रॉन सरकून जोड्यांनी बसतात. सहाच्या तीन जोड्या. एकटं कुणी उरत नाही."

"बंध बदलला, म्हणून."

"हो."

ते स्टुलावर बसले. खोलीत गरम तांब्याचा वास येत होता. "सारी जिंदगी हे पिवळं पाणी वतलं मी," ते म्हणाले, आम्हा दोघांपैकी कुणालाच नाही. "निळं आलं की खूश. आत काय होऊन राहिलं, कधी इचारलंच नाही." त्यांच्या आवाजात खंत होती असं मला त्या वेळी वाटलं. आता तसं वाटत नाही. पोट भरून जेवल्यावर माणूस बोलतो तसा तो आवाज होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि प्राचार्य आत आले. गिरमिटाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांची नजर आधी टेबलाकडे गेली.

"काळमेघ, कॉलेजच्या टेबलाला भोक?"

"हो," सर म्हणाले. "दार लावून घ्या, हवा लागते. अन् इथं वाका."

प्राचार्य इंग्रजीचे होते. वाकले. सरांनी हिराकसाची नळी पुन्हा टांगायला लावली आणि मला मानेने खूण केली. पारडं खाली गेलं. प्राचार्यांनी आमच्या तिघांच्या हातांकडे पाहिलं.

"कोण ओढतंय?"

"ते वानखडे सर समजावतीन तुमाले," काळमेघ सर म्हणाले. "मी शिकून राहिलो अजून. पण एक सांगतो. हा पेपर पुढच्या साली निम्मा मी घेईन. झेपते का नाही, ते मंग पाहा."

बाहेर जाताना प्राचार्यांनी दार हळू लावलं, हवा लागू नये म्हणून.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, शिष्ट आणि थकलेले. उन्हाने बेजार, वाळ्याच्या पडद्याशेजारी खुर्ची घेऊन बसलेले. त्यांनी पुष्पाला नेमका फेरोसायनाइडचाच प्रश्न टाकला. त्यात एकटे इलेक्ट्रॉन किती? तिने सांगितलं, एकही नाही. कशावरून, असं त्यांनी विचारलं, पुस्तकातलं समीकरण ऐकायच्या तयारीने.

"आम्ही तोलून पाहिलं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "कुठे?"

"तिथे," तिने टेबलाकडे बोट दाखवलं. परीक्षक उठून गेले, भोकात बोट घालून पाहिलं आणि परत येऊन बसले. पुष्पा पुढे चांदूर रेल्वेच्या शाळेत शिक्षिका झाली.

माझी नेमणूक जूनमध्ये कायम झाली. शेरा काय होता ते मी विचारलं नाही.

जुलैत कॉलेज सुरू झालं. कापूस कधीच गेलेला, आवारात चिखल, छत्र्यांतून पाणी ठिबकून वऱ्हांडा ओला. शेवटच्या वर्गाचा तो पेपर आम्ही दोघांत वाटून घेतला होता. बंधाचा धडा त्यांनी मागून घेतला. त्या सकाळी मी वऱ्हांड्यातून जात होतो आणि त्यांचा आवाज ऐकू आला. नवी तुकडी होती, वर्ग भरलेला होता. ते इंग्रजीत सुरू झाले होते. मग थांबले आणि वऱ्हाडीत आले, वर्गात ते सहसा येत नसत.

"पोरंहो, हा धडा माहा नाही. मी तो मांगच्या साली शिकलो, वानखडे सरांपासून. जेवढं समजलं तेवढं सांगतो. जिथं माही गाडी अडन, तिथं तुमी त्यायले जाऊन इचारा. मीबी तेच करतो."

एखाद्या मूलद्रव्याचा अणुभार सांगावा तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं, आणि फळ्याकडे वळले. मी दाराबाहेर होतो. आत जायचं काही कारण नव्हतं.